आज डावी

मोखोत्लोंगच्या दवाखान्यापासून तुझ्या दारापर्यंत
दोन तास, घोडी नीट चालली तर.
ओढ्यावर बर्फ धरलं की ती पाऊल टाकत नाही.
मग मी उतरते, लगाम ओढत पुढे होते.
कुपी ब्लँकेटच्या आत, पोटाशी,
लेकुरवाळीसारखी.

लेबुसा, तू दारातच पाठ करून उभा असायचास.
“डावी की उजवी, म्मे मासेफोरा?”
“काल उजवी होती. आज डावी.”
सुई शिरताना तू छपराच्या धुराकडे बघत
खाणीतल्या बोलीत एक शिवी हासडायचास,
मला कळत नाही अशा समजुतीनं.
माझाही बाप वेल्कोमच्या खाणीत होता.
परतला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेत रेडिओ होता,
छातीत खोकला.
त्याच्यासमोर बसून कुणी गोळ्या मोजल्या नाहीत.

एकोणीस.
मी बशीत ओतते, तू एकेक उचलतोस,
सातवी हटकून घशात अडते,
नंतर दिवसभर कुजक्या अंड्याचे ढेकर.
भुकटी आंबट पेजेतून घ्यायची,
मापालेसा ती रात्रीच आंबवून ठेवते.
ओकलास तर मी काडीनं ओकारी चाळते,
गोळी अख्खी निघाली तर नवी देते,
आणि अर्धा तास तुझ्यासमोर बसून राहते.
नर्सिंगच्या शाळेत काडीचा धडा नव्हता.

रात्री तुझा पिंजरा खाली जातो.
खाली जातो, म्हणालास, तळ येतच नाही,
आणि सोबतचे सगळे जण झोपलेले.
मी वहीत लिहिलं: झोप बरी नाही.
वहीत तेवढीच जागा असते.

पाचव्या महिन्यात तू म्हणालास,
भिंतीत रातकिडा शिरलाय.
मापालेसानं शेणमातीनं भेगा लिंपल्या.
किडा ओरडतच राहिला.
तो कुठे आहे ते मला माहीत होतं.
डॉक्टरांना चिठ्ठी धाडली. घाट बंद.
उत्तर यायला बावीस दिवस.
सुई थांबवावी तर फुप्फुस,
टोचावी तर कान.

मी टोचली.
डावी. उजवी. डावी.

आधी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा गेल्या,
मग पोरीची कुरकुर, मग माझ्या घोडीच्या टापा.
चिठ्ठी आली, सुई थांबवा,
तेव्हा मी दारात उभी राहून तीनदा हाक मारली
आणि तू चुलीपाशी पाठमोरा बसून
शांतपणे शेंगा सोलत होतास.

त्यानंतर तुझ्याशी बोलणं माझ्या बोटांवर आलं.
तळहातावर ठोके: किती झाल्या, किती राहिल्या.
ओठ वाचावेत तर माझ्या तोंडावर मास्क.
तू डोळे वाचायचास, आणि चुकायचास.
मला वारा झोंबलेला असला
की समजायचास, वाईट बातमी आहे.

काल तालुक्याहून कागद आला.
थुंकीत जंतू नाहीत. लागोपाठ दुसऱ्यांदा.
आज तुला अंगणात आणलं, वाऱ्यात,
मास्क खाली ओढला
आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.
तू बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिलास.
मग स्वतःला ऐकू न येणाऱ्या मोठ्या आवाजात म्हणालास,
“तुझा पुढचा दात पडलाय की!
आठ महिने मी अख्खं तोंड धरून चाललो होतो.”
इतका हसलास की कुत्रं भुंकायला लागलं,
मापालेसा पीठभरल्या हातानं धावत आली,
तिला वाटलं, काहीतरी झालं.

मी बोटांनी सांगितलं: गोळ्या अजून वर्षभर.
तू मान हलवलीस, झालं, एवढंच.
मी बशी काढायला पिशवी उघडली.
चामड्याचा बंद करकरला असेल,
तुला तो ऐकू आला नसणार.
तरी माझा हात पिशवीत जाताना पाहून
तू दाराकडे वळलास,
ब्लँकेट वर धरलंस
आणि पाठ करून उभा राहिलास,
डाव्या पायावर भार न देता.